आवाजात दर्द आला, असं सगळे म्हणाले

"तुमच्यासोबत शिकलेलं कोण आहे?" डॉक्टर मॅडमनी विचारलं, तेव्हा मी लगेच म्हणाले, "मी. बी.ए. झाली आहे."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बँकेत, तहसीलमध्ये, कुठेही हा प्रश्न आला की मला आतून बरं वाटतं. ते मी लपवत नाही. त्या दिवशीही बरं वाटलं, अगदी क्षणभर.

"मग नीट ऐका, आणि घरच्यांना समजावून सांगा. बाबांच्या स्वरयंत्राला कॅन्सर आहे."

बाबा माझ्या बाजूच्याच स्टुलावर बसले होते. शिकलेले नाहीत म्हणून बहिरे नाहीत. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, मांडीवर ठेवला, परत खांद्यावर घेतला. मग त्या बसलेल्या, घासलेल्या आवाजात विचारलं, "मॅडम, गाता येईन का?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"काका, आधी जगायचं बघू," त्या म्हणाल्या.

हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरात कोणाचा आवाज बसलेला आहे आणि निघत नाही, त्यांच्यासाठी. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा कोणी सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं. आम्ही ऐकण्यात गुंग होतो.

बाबा कोण, ते आधी सांगते. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात. थोडी शेती, कापूस आणि तूर. पण बाबांना कोणी शेतकरी म्हणून ओळखत नाही. भजनवाले वसंतराव म्हणून ओळखतात. आमच्या भागात माणूस गेला की तिरडीच्या पुढे भजन मंडळ चालतं. टाळ, ढोलकी, खंजिरी आणि एक पुढे गाणारा. तो गाणारा म्हणजे बाबा.

लग्नात गाणारे पुष्कळ. मयतीत गाणं सोपं नाही. तिथे वाहवा मिळत नाही. तिथे लोकांना रडवायचं असतं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्याकडे असं मानतात की घरच्यांचं रडू त्याच दिवशी निघालं पाहिजे, नाहीतर ते छातीत बसतं. पुलगावहून आलेली एक लेक मला आठवते. बाप गेला होता, आणि ती सकाळपासून दगडासारखी भिंतीला टेकून बसली होती. बाया तिला हलवून थकल्या. बाबांनी अंगणात पहिली ओळ उचलली आणि ती बाई अशी फुटली की तीन बायांना धरावं लागलं. तिची सासू हात जोडून म्हणाली, "उपकार झाले बाप्पा, आता वाचली पोरगी."

असा तो आवाज. गोड नव्हता. भरीव होता, मडक्यात पाणी ओतल्यासारखा.

आणखी एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं. आमच्या गावात म्हातारी माणसं जिवंतपणीच बाबांचा शब्द घेऊन ठेवायची. घरी यायची, बाबांच्या हातात नारळ द्यायची आणि म्हणायची, "वसंता, माह्या मयतीले तूच गाजो." नारळ घेतला की त्या माणसाच्या मयतीत गायचा शब्द दिला. परगावी असाल तरी यायचं, ताप असेल तरी यायचं. आईला हा प्रकार बिलकुल आवडायचा नाही. "जित्या माणसाच्या मयतीचा नारळ मी घरात फोडणार नाई," म्हणायची. मग ते नारळ मारुतीच्या देवळात जायचे.

आवाज बसायला लागला तो काकड्याच्या महिन्यात. कार्तिकात पहाटे देवळात भजन असतं, थंडी असते, गळा बसतोच. दरवर्षी बसायचा आणि आठवड्यात निघायचा. त्या वर्षी निघाला नाही. आईने ज्येष्ठमध दिला, मिरे-खडीसाखर दिली, हळदीचं दूध दिलं. संक्रांत आली तरी आवाज तसाच, वरचे सूर फाटायचे.

आता चूक कशी झाली ते ऐका. गाणाऱ्यांमध्ये एक समजूत आहे, गळा फाटल्याशिवाय पिकत नाही. तरुणपणीचा गळा कच्चा, तो एकदा फाटतो, मग पिकतो. दौलतकाका बाबांच्या मंडळात ढोलकी वाजवतात, लहानपणापासूनचे दोस्त. संक्रांतीनंतर एका मयतीहून परत येताना ते बाबांना म्हणाले, "वसंता, तुह्या आवाजात आता दर्द आला लेका. आजपर्यंत तू गाऊन राह्यला होता, आता तू रडून राह्यला."

बाबा इतके खूश झाले की घरी येऊन आईला सांगितलं. बाबा स्वतःचं कौतुक कधी सांगत नसत.

आणि ते खरंच होतं. त्या फाटक्या आवाजाने लोक जास्त रडायचे. सूर वर जायचा, मध्येच तुटायचा, हवाच यायची, आणि नेमकं त्या तुटलेल्या जागी बाया पदर डोळ्यांना लावायच्या. पोट्टे मोबाईल काढून रेकॉर्डिंग करायला लागले. समुद्रपूरपर्यंत क्लिपा फिरल्या. आजूबाजूच्या गावांतून बोलावणी आली. हिंगणघाटच्या शाळेत मी क्लार्क आहे, तिथल्या शिपायाने मला मोबाईलवर ऐकवलं, "ताई, हा बुढा कोण हाये माहीत नाई, पण पाणी काढते डोळ्यातून." मी म्हटलं, "माझे बाबा आहेत." मान ताठ करून म्हटलं.

डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की सगळे हसायचे. दौलतकाका म्हणाले, "डॉक्टरले काय समजते गळ्यातलं? तो औषध देईन अन् दर्द घालवून टाकीन." बाबांना तीच भीती वाटत होती. आवाज बरा होईल, ही.

मे महिन्यात मी त्यांना हिंगणघाटला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी लावून घसा बघितला, अँटिबायोटिक दिलं, आणि फरक पडला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा म्हणून बजावलं. फरक पडला नाही, आणि आम्ही दाखवलं नाही. पेरणी आली, मग निंदण-खुरपण आलं. पोळ्याच्या सुमाराला जिना चढताना बाबांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मग एका सकाळी चूळ भरताना रक्त आलं. आई मला फोनवर एवढंच म्हणाली, "ये."

वर्ध्याजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथली रांग, तिथले बाक, हातात फाईल घेऊन बसलेली माणसं, हे ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. ज्यांनी बघितलं नाही त्यांना एक सांगते. डबा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा, पेशंटला उपाशी ठेवायचं का ते आधी विचारा, आणि पेशंटला एकट्याला बाकावर सोडून औषधाच्या रांगेत जाऊ नका. नाव पुकारलं जातं आणि पेशंटला ऐकू येत नाही. किंवा ऐकू येतं आणि तो उठत नाही. बाबा उठले नव्हते.

पहिली तपासणी लॅरिंगोस्कोपी. नाकातून एक बारीक दुर्बीण घशात सोडतात आणि स्वरयंत्र पडद्यावर दिसतं. सुरुवातीला सांगितल्या त्याच डॉक्टर मॅडमनी मलाही दाखवलं. स्वरयंत्रात दोन पांढऱ्या पट्ट्या असतात, व्होकल कॉर्ड्स. आपण बोलतो तेव्हा त्या जवळ येऊन थरथरतात. बाबांची एक पट्टी हलत होती. दुसरीवर फुलकोबीसारखं काहीतरी चढलं होतं आणि ती जागची हलत नव्हती.

मग बायोप्सी, म्हणजे भूल देऊन त्या गाठीचा तुकडा काढून तपासणं. मग सीटी स्कॅन. रिपोर्टची वाट बघणं हा वेगळाच आजार आहे, तो पेशंटपेक्षा सोबतच्यांना जास्त होतो. आई घरी देव पाण्यात ठेवून बसली होती आणि बाबा मला विचारत होते, तुरीले पाणी देलं का.

कॅन्सर आहे असं सांगितलं त्याच दिवशी मॅडमनी विचारलं, आवाज कधीपासून असा आहे. मी सांगितलं, मागच्या कार्तिकापासून. त्यांनी पेन खाली ठेवलं. "एवढे दिवस कोणाला काही वाटलं नाही?"

मी म्हटलं, "मॅडम, लोकांना आवडत होता."

त्यांना समजलं नाही. मग मी मोबाईलवर एक क्लिप लावली. त्यांनी ऐकली. वॉर्डातली सिस्टर दारात थांबली, तिनेही ऐकली, आणि तिचे डोळे भरले. मॅडमचे भरले नाहीत. त्या बोटाने दाखवत म्हणाल्या, "हे जे मध्ये तुटतं आहे ना, इथे पट्ट्या जुळत नाहीत. गाठ मध्ये येते आहे. ही हवा जी ऐकू येते, ती तिथून सुटते आहे." त्यांनी परत लावायला सांगितलं. मी लावली नाही.

विडीचाही विषय निघाला. बाबा विडी ओढायचे, भजन संपलं की मंडळातले सगळेच ओढायचे. मॅडमनी सांगितलं की ते कारण आहेच. दौलतकाका त्या दिवशी सोबत होते. त्यांनी खिशातलं बंडल बाहेर जाऊन फेकलं. दुसऱ्या दिवशी नवीन आणलं, ती गोष्ट वेगळी.

सीटी स्कॅनमध्ये दिसलं की गाठ स्वरयंत्राच्या कूर्चेत, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात घुसली आहे. लवकर आलो असतो तर नुसत्या रेडिएशनवर भागलं असतं, म्हणजे किरणांचे शेक देऊन, आणि आवाज बराचसा राहिला असता. आता नाही. आता टोटल लॅरिंजेक्टॉमी. संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकायचं. श्वासनळी गळ्याच्या समोर उघडायची, तिथे कायमचं एक छिद्र. श्वास तिथूनच. नाकातोंडातून नाही.

"आणि बोलणं?" मी विचारलं.

"नेहमीसारखं नाही. त्याला उपाय आहेत, यंत्र आहे, शिकवतात. पण गाणं नाही."

बाबा म्हणाले, "घरी चाल बेटा."

घरी आलो. बाबा ऑपरेशनला नाही म्हणाले. ओरडून नाही, कापूस वेचायला येणाऱ्या बाईला उद्याचा वार सांगावा तसं. आई समजावून थकली. मी शिकलेली, मी सगळं समजावून सांगितलं, कागदावर स्वरयंत्र काढून दाखवलं. ऑपरेशन नाही केलं तर श्वास कोंडेल, गिळता येणार नाही, काही महिन्यांत जाल, हेही सांगितलं. वडिलांना असं तोंडावर सांगणं काय असतं ते मलाच माहीत.

बाबा म्हणाले, "मले समजते बेटा. पण माह्याकडे लोकाइचे नारळ हायेत. अर्ध्या गावाले शब्द देला मी. त्याहिले काय सांगू?"

"सांगा, आजारी आहे."

"मेला असतो तं सांगायची गरज नसती."

हे त्यांचं गणित. आवाज जाऊन जगले तर शब्द मोडला. आवाजासकट गेले तर शब्द सुटला. मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि मग लक्षात आलं की आपण कशाचा राग कोणावर काढतो आहे.

दौलतकाकांनी काय केलं, तर घरोघरी जाऊन सांगितलं. मला न विचारता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून म्हातारी माणसं आमच्या अंगणात यायला लागली. काठ्या टेकत, चष्मे पुसत. रिटायर झालेले एक गुरुजी आले, म्हणाले, "वसंतराव, मी माझा नारळ परत घेतला असं समजा." आणखी एक आले. "मीबी घेतला." एकजण तर खरोखर पिशवी घेऊन आले होते. आई म्हणाली, "भाऊजी, तो नारळ मारुतीनं कवाच खाल्ला. आता कुठून आणू?" आमच्या अंगणात त्या आठवड्यात एवढाच एक हशा झाला.

बाबा प्रत्येकाचं ऐकत होते आणि प्रत्येकासोबत लहान होत होते. मला ते बघवत नव्हतं. मोकळं करायला आलेल्यांना वाटत होतं आपण ओझं उतरवतो आहे. पण त्या माणसाजवळ तेवढं एकच वजन होतं.

शेवटी गया आजी आली. गावात सगळ्यांत म्हातारी, तोंडाने फाटकी. बाजेवर बसली आणि म्हणाली, "मी नाई घेत वापस."

"आजी, त्याचा गळाच काढून राह्यले," दौलतकाका म्हणाले.

"तू चूप बस रे ढोलक्या. मी तुह्याशी बोलली का?" मग बाबांकडे वळली. "वसंता, मी तुह्या आवाजाले नारळ देलता का तुले देलता? गाऊ नको. पण माह्या पुढं चालजो. आता चालाले माणूस जिता लागते. का मेलेला चालते?"

बाबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"अन् आयक. मी काई एवढ्यात मरत नाई. तुले लय दिवस जगा लागन."

ती गेल्यावर बाबा उठले, गोठ्यात गेले, बैलांना वैरण टाकली. परत आले आणि मला म्हणाले, "तारीख घे."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात बाबा गुणगुणतील, एखादी ओळ म्हणतील, असं मला वाटलं होतं. सिस्टरलाही वाटलं असावं, ती दोनदा येऊन बघून गेली. बाबांनी काहीच म्हटलं नाही. आईशी बोलत बसले. कोणत्या वावरात काय पेरायचं, गोठ्याचं टिन कुठून गळतं, माझ्या लग्नात कोणत्या नातेवाइकाला मान द्यायचा. आई नंतर मला म्हणाली, "एवढे शब्द त्याहिनं मले लग्नानंतर कवा देले नाई. सारा गळा गावाले, घरी आले की चूप." तिच्या बोलण्यात तक्रार होती का काय होतं, मी विचारलं नाही.

सहीचा कागद मी वाचला, पूर्ण. बाबांना प्रत्येक वाक्य सांगितलं. अंगठा नाही, बाबांनी सहीच केली. मीच शिकवली होती, शाळेत असताना.

ऑपरेशनला बराच वेळ लागला. बाहेरच्या बाकावर आई, मी आणि दौलतकाका. काकांची बोटं मांडीवर ताल धरत होती आणि मध्येच थांबत होती.

शुद्धीवर आल्यावरचं लिहायला जड जातं, पण लिहिते, कारण तयारी नसेल तर माणूस घाबरतो. गळ्यावर टाक्यांची गोल रांग. मध्ये छिद्र, त्यात नळी. त्याला स्टोमा म्हणतात. त्यातून श्वासाचा फसफस आवाज येतो. कफ साचला की मशीनने ओढतात, सक्शन म्हणतात त्याला, तेव्हा पेशंट तडफडतो. ते मला शिकून घ्यावं लागलं, आईलाही. नाकात जेवणाची नळी असते. जखम भरेपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा नाही.

बाबांनी डोळे उघडले, आम्हाला बघितलं आणि ओठ हलवले. काहीच आलं नाही. त्यांना माहीत होतं येणार नाही. तरी त्यांनी परत हलवले. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. आणि आवाज नाही. हुंदकाही नाही. मी एवढ्या मयती बघितल्या, एवढं रडणं ऐकलं, पण असं रडणं कधी बघितलं नव्हतं. नुसती हवा त्या छिद्रातून येत होती आणि त्यावर टाकलेला जाळीचा कपडा हलत होता.

पुढे रेडिएशन झालं. रोज शेक, कातडी काळी पडली, गिळताना आग. हिवाळा त्यात गेला.

काही गोष्टी डॉक्टर सांगतात पण त्या घरी आल्यावरच कळतात. बाबांना वास येत नाही, कारण नाकातून हवा जात नाही. भाजी करपली तरी कळत नाही. गरम चहावर फुंकर मारता येत नाही. नदीत, विहिरीत पोहणं बंद, आंघोळ करताना छिद्रात पाणी गेलं तर बुडाल्यासारखं होतं. धुळीच्या दिवसांत ओला कपडा लागतो. कोणाला हाक मारता येत नाही, म्हणून बाबा ताटावर चमचा वाजवतात. सुरुवातीला आईला तो अपमान वाटायचा. "मी काय बैल हाये का, घंटी वाजवून राह्यले?" आता ती चमचा वाजायच्या आधीच वाढते.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी इलेक्ट्रोलॅरिंक्स दिलं. बॅटरीवर चालणारं, टॉर्चसारखं यंत्र. गळ्याला लावून बटण दाबायचं, ते थरथरतं आणि ओठ हलवले की शब्द ऐकू येतात. सगळे शब्द एकाच सुरात. चढ नाही, उतार नाही. पहिल्यांदा लावलं तेव्हा शेजारची पोरं घाबरून पळाली. बाबांनी ते कपाटावर ठेवून दिलं आणि महिनोन् महिने हात लावला नाही.

उन्हाळ्यात गुरुजी वारले. तेच, नारळ परत घेतो म्हणणारे. बाबा निघाले. आईने गळ्याला ओला रुमाल बांधून दिला, वरून दुपट्टा. मीही गेले.

मंडळ जमलं होतं, पण पुढे गाणारा नव्हता. बाबांनंतर कोणी तयारच झाला नव्हता. गुरुजींच्या मुलाने ब्लूटूथचा स्पीकर आणला होता. बाबांना नमस्कार करून म्हणाला, "काका, तुमची क्लिप लावतो. बाबांची तशी इच्छाच होती." चांगल्या मनाने म्हणाला. त्याने बटण दाबलं.

तिरडीपुढे बाबांचा आवाज सुरू झाला. तोच, तुटणारा. बाया हमसून रडायला लागल्या. गुरुजींच्या लेकी रडल्या, माणसांनी टोप्या काढून डोळे पुसले. बाबा स्पीकरच्या बाजूनेच चालत होते, ओठ मिटून. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

चौकापर्यंत गेलो असू. बाबांनी त्या मुलाच्या हातातून स्पीकर घेतला, उलटापालटा केला, बटण सापडेना. मग मला दिला. मी बंद केला.

सगळे थांबले. बाबांनी दौलतकाकांच्या बाजूच्या माणसाकडून खंजिरी घेतली आणि मंडळाकडे हात केला. तुम्ही म्हणा.

"आम्हाले कुठं येते वसंता?" काका म्हणाले.

बाबांनी खंजिरी वाजवली. परत हात केला.

ते गायले. पाचसहा जण, कोणाचा सूर कोणाला लागेना. कोणी वर, कोणी खाली, एकजण तर शब्दच विसरला. बाबा खंजिरीवर त्यांना धरून चालले, स्मशानापर्यंत. रडणं थांबलं होतं. लोक नुसते चालत होते. परत येताना दौलतकाका म्हणाले, "आज कोणी रडलं नाई बाप्पा. घाण केली आपण." बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काऊन बंद केलं? लोकं एवढे आयकून राह्यले होते."

बाबा कपाटाजवळ गेले. यंत्र काढलं, त्यावरची धूळ दुपट्ट्याने पुसली आणि गळ्याला लावलं.

"तो माहा आवाज नाई," त्या सपाट, करकरत्या सुरात बाबा म्हणाले. "तो गाठीचा आवाज हाये."

तेव्हा मला कळलं की आमच्याकडे बाबांचा आवाज कुठेच नाही. मोबाईल काढले ते दर्द आल्यावर. त्याच्या आधीचा तो भरीव आवाज, ज्याने पुलगावच्या लेकीला रडवलं, तो कोणी भरून ठेवला नाही. तो रोजचाच होता. समुद्रपूरपासून हिंगणघाटपर्यंत जे फिरत आहे ते सगळं त्या एका वर्षाचं, आजाराचं. लोक अजून ऐकतात, अजून रडतात. मी कोणाला अडवत नाही. माझ्या मोबाईलमधलं मी काढून टाकलं.

तुमच्या घरात कोणाचा आवाज बसला असेल आणि तीन आठवड्यांत निघाला नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. तो गाणारा असेल तर आधी दाखवा. लोक वाहवा करत असतील तर त्याहून आधी.

डॉक्टर मॅडमचे, सिस्टरचे, बोलायला शिकवणाऱ्या मॅडमचे आमच्यावर उपकार आहेत. दर तपासणीला आम्ही जातो, आतापर्यंत गाठ परत आलेली नाही. पुढचं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, मीही विचारत नाही. बाबा बरे झाले असं मी म्हणत नाही. बाबा आहेत, असं म्हणते.

त्या दिवसापासून ते यंत्र वापरतात. घरात कमी, फोनवर जास्त. दुपारच्या सुट्टीत शाळेत माझा फोन वाजतो. पहिल्यांदा बाजूच्या टेबलावरच्या मॅडमना वाटलं कंपनीचा रेकॉर्ड केलेला फोन आहे, त्या म्हणाल्या, ठेवून द्या. मी म्हटलं, माझे बाबा आहेत.

"बेटा, जेवली का?" एवढंच विचारतात. त्यात माया ऐकू येत नाही, यंत्रात ती सोय नाही. मी उठून बाहेर पडवीत जाते आणि सगळं सांगते, भाजी कोणती होती, पोळ्या किती खाल्ल्या.